मंगलाष्टकांतली घरघर

अंतरपाट धरला, तशी रिवाजाप्रमाणे नवरीची आई हेमांगी तांब्या घेऊन सोसायटीच्या हॉलमागच्या तुळशीकडे गेली आणि थबकली. तिथला सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प तीच चालवायची. त्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर थांबली होती.

"विहीणबाईंना आवाज नको होता," मागून तिचा नवरा म्हणाला. "तासाभरासाठी बंद केलाय."

"पंप पाणी खेचतोय आणि हवा बंद? अहो, बुडबुडेच गाळणीचे पडदे घासून मोकळे ठेवतात. पडदे चोंदले तर ऐन पंगतीत मोऱ्या तुंबतील. विहीणबाईंचं मी बघते."

तुळशीला पाणी घालून, पैठणीचा पदर खोचून तिने बटण दाबलं. टाकीत बुडबुडे उसळले.

ती हॉलमध्ये परतली तेव्हा विहीणबाई हसत होत्या. "मंगलाष्टकं संपली तरी तुमची लेक हार धरून उभीच. म्हणाली, आधी आईचा ब्लोअर सुरू होऊ दे."