सोमवारची खोड

"दुरुस्ती चांगली झाली, मॅडम, पण अपघातापासून माझ्या या विनाचालक गाडीला खोड लागलीय," तगारे विम्याच्या सर्व्हेअर मुल्लाबाईंना सांगत होता. "दर सोमवारी कुणी न सांगता आपली आपण निघून जाते. असली गाडी निम्म्या किमतीलाही कुणी घेईना. तो तोटा विम्यानेच भरून द्यायला हवा."

"जाते कुठे?"

"कोण बघतंय! दुपारी येते परत."

"आज सोमवारच आहे," म्हणत मुल्लाबाई मागे बसल्या. तगारे पुढे बसला. थोड्या वेळाने गाडी निघाली आणि कुपवाडमधल्या एका पत्र्याच्या घरासमोर थांबली.

कुबडी टेकत एक बाई बाहेर आली. तगारेने तिला लगेच ओळखलं. त्या दिवशी घाईत त्याने गाडी स्वतः चालवायला घेतली होती, आणि हीच बाई चाकाखाली आली होती. त्यानंतर तो तिला आजच बघत होता.

"आज तुमीबी आला व्हय?" बाई हसली. "लई उपकार झाले बघा. दवाखान्यात न्यायला दर सोमवारी गाडी धाडता."

मुल्लाबाईंनी हळूच विचारलं, "गाडीची खोड काय लिहू?"

तगारे मान खाली घालून उतरला आणि बाईसाठी दार उघडायला गेला. गाडीने ते आधीच उघडून ठेवलं होतं.