अर्धी दाढी

तेवीस दिवसांनी सलूनचं दार ढकलून गिऱ्हाईक आत आलं, तेव्हा लोण्या हात धूत होता.

"धू, धू. पण कातडं तेवढं शिल्लक ठेव," पोस्टमन म्हणाला, आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवून सरळ खुर्चीत जाऊन बसला.

लोण्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वस्तरा फिरतो तरी कळत नाही, हात कसला, लोणी आहे, असं कुणीतरी कधीकाळी म्हणालं आणि तेच नाव पडलं. हल्ली ते कुणी घेत नसे. हॉस्पिटलमधून तो घरी आल्यापासून 'तो साथवाला' एवढ्यावरच भागत होतं. सलून आलं की माणसं पलीकडच्या कडेने चालायची. तो आजारी पडला त्याच आठवड्यात समोरच्या किराणेवाल्याचे म्हातारे वडील गेले होते. कुणाचं कुणाला लागलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीने मात्र ठरवून टाकलं होतं.

"तीन आठवडे अस्वल होऊन हिंडतोय," पोस्टमन आरशात बघत म्हणाला. "साहेबांनी दोनदा झापलं. पण आजवर मान दिली ती तुलाच. दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?"

मास्कच्या आत लोण्याला हसू आलं. त्याने पोस्टमनच्या गळ्याभोवती धुतलेला टॉवेल बांधला, हातमोज्यांवर हातमोजे चढवले, वाटीत ब्रश घोळवला. फेस दाट झाला. उजव्या कानापासून वस्तरा खाली उतरला आणि हाताला जुनी वाट सापडली. गाल उजळला. वीस वर्षं याच गालावर तो हात फिरला होता.

"सकाळी तुझ्या घरी पत्र टाकलं," पोस्टमन डोळे मिटून म्हणाला. "पोरीच्या झिपऱ्या डोळ्यांवर आल्यात. बाप न्हावी आणि पोरीची ही तऱ्हा."

"तिच्या आईला सांगितलंय कापायला."

"वहिनी म्हणाल्या, तू जेवायलासुद्धा जिन्यात बसतोस."

"घरचे आत ये म्हणतात. त्यांना कळत नाही."

"आणि तुला कळतं?" पोस्टमन हसायला गेला, ओठावरचा फेस तोंडात गेला, आणि त्याला खोकला आला.

साधा खोकला. दोनदा.

डोळे उघडून त्याने आरशात पाहिलं, तर मागे लोण्या नव्हता. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. वस्तरा धरलेला हात अंगापासून लांब, जणू तो हात त्याचा नव्हताच.

"कधीपासून येतोय खोकला?"

"आत्तापासून. फेस गेला रे घशात."

"ऊठ. घरी जा."

"अर्ध्या दाढीने?"

"आधी तोंड धू. साबण लावून. दोनदा."

पोस्टमन खुर्चीतच वळला. "अरे बाबा, तू बरा झालायस. हा बघ, तूच लावलायस ना भिंतीला हॉस्पिटलचा कागद? शिक्का आहे वर."

लोण्याने कागदाकडे पाहिलंही नाही.

"कागद एक आहे," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि माणसं एवढी. एवढी माणसं खोटं बोलतील का?"

पोस्टमन उठला आणि लोण्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला. लोण्याने त्याला अडवायला हात वर केला. त्या हातात वस्तरा होता. दोघेही जागच्या जागी थांबले.

"जा रे," लोण्या म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

पोस्टमनने तोंड धुतलं. सांगितल्याप्रमाणे दोनदा. टॉवेलची नीट घडी करून खुर्चीच्या दांडीवर ठेवली, पिशवी उचलली आणि तो बाहेर पडला.

काचेतून लोण्याला सगळं दिसत होतं. समोरच्या दुकानाच्या पायरीवरून किराणेवाला म्हणाला, "आलास ना उठून शेवटी? मी म्हणतच होतो."

पोस्टमनने बोलायला तोंड उघडलं. पण बोलणार काय? मी नाही उठलो, त्यानेच मला उठवलं, असं? मग तर गल्लीला आयतंच सापडलं असतं. त्याने तोंड मिटलं, खिशातून रुमाल काढला आणि डावा गाल झाकून तो चालू लागला.

किराणेवाल्याचा लोण्याला राग आला नाही. त्याने वस्तरा उकळत्या पाण्यात टाकला आणि तो खुर्ची पुसायला लागला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. त्याने घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे तिने डबा पायरीवर ठेवला आणि ती चार पावलं मागे सरली. तेवढ्यात तिची नजर आत गेली. फरशीवर साबणाच्या फेसात कापलेले केस पडले होते. काळे, पांढरे. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला.

"गिऱ्हाईक आलं होतं?"

"हो."

"कोण हो?"

"पोस्टमन."

"आला ना? मला वाटलंच होतं, तो येईल म्हणून. मग? काय झालं?"

लोण्या खुर्चीची दांडी पुसत होता. एवढ्या वेळात चौथ्यांदा. त्याचा हात थांबला. मोठं संकट टळल्यावर माणूस सोडतो, तसा त्याने श्वास सोडला.

"वाचला," तो म्हणाला.