सतरावा रॅक

उंच रॅकवर माल चढवणारा रीच ट्रक चालवण्यात त्याची हयात गेली होती. अरुंद गल्लीत, थेट छताजवळच्या फळीवर तो पॅलेट असं ठेवायचा की आवाजसुद्धा व्हायचा नाही. आता गोदामात बिनड्रायव्हरची गाडी आली होती, आणि तिला शिकवायला महिनाभर त्याच्याच गाडीवर कॅमेरे बसवले होते. त्याची खोड न् खोड तिने उचलली.

शेवटच्या दिवशी ती एकटी निघाली. त्याच्यासारखीच वळली, त्याच्यासारखेच काटे पॅलेटखाली अलगद सरकवले. सतराव्या रॅकपाशी तिने दोनदा हॉर्नही दिला.

"काका, इथे ना वळण, ना दार," इंजिनीअर बाई हसल्या. "मग हॉर्न कशाला?"

"सवय हो, मॅडम."

"काढून टाकते. उगाच डोक्याला ताप."

त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. पुढच्या फेरीला गाडी सतराव्या रॅकपुढून मुकाट निघून गेली.

अकरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ तिथेच उकिडवा बसून खोक्यांना लेबलं चिकटवत होता, तेव्हा यानेही गाडी अशीच, हॉर्न न देता, आणली होती.