पाहिले

पत्रा दाबणारी प्रेस खाली आली तेव्हा भरमूचा हात आत होता. अडकलेला पत्रा ओढायला त्यानं तो घातला होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी मागं खेचला. हातमोज्याची दोन टोकं साच्यात राहिली. बोटं वाचली.

पारमिता धावत आली. मच्छे गावातल्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात ती तीन वर्षं इंजिनिअर होती, आणि शिफ्ट इनचार्ज होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. तिनं आधी भरमूची बोटं पाहिली, मग प्रेस. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर बंद होता. त्याची वायर काढून भलतीकडंच जोडलेली होती. नग जास्त निघावेत म्हणून कामगारच असले उद्योग करतात, असं ती पहिल्या दिवसापासून ऐकत आली होती. तिचं डोकं फिरलं.

"अक्कल गहाण ठेवलीस काय रं?" ती तीस माणसांसमोर ओरडली. "हात तुटला असता तर तुझ्या बायकोला काय सांगणार होतो आम्ही? हो बाजूला. मशीनला हात लावायचा न्हाय."

भरमू बावीस वर्षं त्या प्रेसवर होता. कालपर्यंत ती त्याला भरमूअण्णा म्हणायची. फाटका हातमोजा काढून त्यानं खाली टाकला आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसला.

केबिनमध्ये येऊन तिनं त्याच्या निलंबनाचा मेमो लिहायला घेतला. मशीन शेवटची कधी तपासली ती तारीख हवी होती, म्हणून तिनं प्रेसचं रजिस्टर ओढलं. पानावर भरमूचं अक्षर होतं. कन्नड शाळेत शिकल्यामुळं त्याचं मराठी अक्षर मोठं आणि सुटं सुटं पडायचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं लिहिलं होतं, सेन्सर खराब आहे, प्रेस सारखी थांबते. चार दिवसांनी लिहिलं होतं, फिटरने सेन्सरची वायर काढली, धोका आहे. आणि मागच्या सोमवारी, कोणी बघत नाही, एखाद्याचा हात जाईल.

तिन्ही तक्रारींपुढं एकच शब्द होता, 'पाहिले'. त्याखाली पारमिताची सही.

शिफ्ट बदलताना ती रोज उभ्याउभ्या पाच रजिस्टरांवर सह्या करायची. एकही वाचायची नाही.

तिला स्वतःचीच किळस आली. निपाणीच्या वखारीत तिची आई सुलाबाई वीस वर्षं तंबाखू चाळत होती. तिथला मुकादम तिला कधी नावानं हाक मारायचा नाही. आई घरी येऊन सांगायची तेव्हा लहानगी पारमिता दातओठ खायची. आज तो मुकादम तिच्याच तोंडून बोलला होता.

तिनं मेमो फाडला. बाहेर येऊन प्रेसचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं आणि सगळ्यांना बोलावून तिन्ही तक्रारी मोठ्यानं वाचून दाखवल्या. खाली सही कुणाची आहे तेही सांगितलं. मग ती बाकापाशी गेली.

"अण्णा, तुम्ही तीनदा लिहिलं. मी एकदाही वाचलं न्हाय."

"मला कशाला सांगतायसा?" भरमू म्हणाला. "मला ठाऊक हाय." आणि त्यानं तोंड फिरवलं.

तासाभरात मॅनेजर पद्मराज खाली आला. पुण्याला माल न्यायचा ट्रक दारात उभा होता. आधी त्यानं तिला गोडीनं समजावलं. कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहून टाक, तू नवी आहेस, स्वतःच्या नावाला डाग कशाला लावून घेतेस, सेन्सर रविवारी बसवू. फिटरला वायर काढायला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. तेव्हा त्याचा आवाज चढला. माल वेळेवर गेला पाहिजे, एवढंच आपण सांगितलं होतं, असं तो म्हणाला. इनचार्ज राहायचं असेल तर किल्ली टेबलावर ठेव.

तिनं किल्ली ठेवली नाही. संध्याकाळी तिनं अपघाताचा रिपोर्ट हेड ऑफिसला पाठवला. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात आधी स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली पद्मराजचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिरनवाडीच्या घरून कामावर आली तेव्हा केबिनमध्ये तिच्या खुर्चीत स्वरूप बसला होता. तो तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला. तिला कोपऱ्यातल्या टेबलावर नग मोजून-तपासून बघायचं काम दिलं होतं, जे तिनं पहिल्या वर्षी केलं होतं. रागानं तिचे कान तापले, पण ती गुमान बसली आणि पहिला नग हातात घेतला.

स्वरूपनं दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं आणि सेन्सर तसाच बंद असताना भरमूला प्रेसवर जायला सांगितलं. भरमू प्रेससमोर गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. स्वरूपनं पुन्हा सांगितलं. भरमू हलला नाही. शेजारच्या दोन मशिनी थांबल्या, मग तिसरी. सगळं शेड गप्प झालं तसा पद्मराज जिना उतरून आला. कालचा अपमान डोक्यात असेल तर त्या पोरीला सगळ्यांसमोर तुझी माफी मागायला लावतो, असं तो भरमूला म्हणाला. पण आधी मशीन चालू कर.

भरमूनं कोपऱ्यातल्या टेबलाकडं बघितलं.

"त्या बाईनं मला तीस माणसांत तोडून टाकलं. त्यो राग मी मेल्याबिगर जायचा न्हाय," तो म्हणाला. "पण प्रेस चालवायची का न्हाय, ते तिलाच विचारा."