चोवीस व्होल्ट

मीटरवर आकडा चोवीस होता. "आता सोडा पाणी," विजेच्या पॅनेलचं काम बघणारा पॅनेलवाला म्हणाला आणि नव्या ऑपरेटरने पडद्यावर बोट टेकवलं. कारखान्यातल्या रंगाच्या टाकीचे सहाच्या सहा व्हॉल्व्ह एकदम उघडले. आकडा घसरून सतरावर आला, पडदा काळा झाला, आणि लगेच आकडा परत चोवीसवर. जणू काही घडलंच नव्हतं. पडदा मात्र पहिल्यापासून सुरू होऊ लागला. त्याला पूर्ण एक मिनिट लागायचं.

"बघा! मी बोंबलून सांगत होतो की नाही?" ऑपरेटर खूश झाला. स्वतःचं खरं ठरलं की माणसाला नुकसानाचंही काही वाटत नाही.

पॅनेलच्या उघड्या दारातून पॅनेलवाला आतला, सगळ्यांना चोवीस व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लाय बघत राहिला. तो त्यानेच निवडलेला होता, दोन ओळींचा छोटा पडदा होता तेव्हा. मग मोठा रंगीत पडदा आला, नेटवर्कचा स्विच आला, साहेबांना केबिनमध्ये बसून टाकी दिसावी म्हणून आणखी एक डबी आली. प्रत्येक वेळी त्याने त्याच दोन तारांवरून नवी जोडणी घेतली. सगळ्यांना मिळून किती वीज लागते, याची बेरीज पुन्हा कधी केली नाही. घरात माणसं वाढत गेली आणि पातेलं तेच राहिलं.

"तुमच्या आधीच्या मावशी," त्याने विचारलं, "त्यांचा नंबर आहे?"

"ज्यांना डुलकी लागली आणि टाकी उतू गेली, त्या?"

पॅनेलवाल्याचे कान तापले. डुलकी हा शब्द त्याचाच होता. चार महिन्यांपूर्वी त्याने अहवालात लिहिलं होतं: पडद्याच्या नोंदींत बिघाड आढळत नाही, ऑपरेटरला डुलकी लागली असावी. शेवटचं पाणी रंग बघून पडद्यावर बोट टेकवून थांबवायचं, ते थांबवलं गेलं नव्हतं. मावशी म्हणत होत्या, पडदाच मिटला, मी सगळं बंद करायच्या लाल बटणाकडे धावेपर्यंत टाकी भरून वाहिली. पण माणसं जमली तेव्हा पडदा लख्ख चालू होता. पडदाच बंद असेल तर पडद्यात नोंद कशी होणार, हे तेव्हा त्याला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण जेवण राहिलं होतं, मॅनेजर घाई करत होते, आणि मावशींच्या माथी खापर फोडणं सोपं होतं. मावशींची नोकरी गेली.

त्याने तिथे उभ्यानेच फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनची खडखड चालू होती.

"मावशी, मी पॅनेलवाला बोलतोय."

खडखड थांबली. "बोला, साहेब."

"तो पडदा खरंच बंद पडत होता. पॉवर सप्लाय कमी पडतोय. चूक माझी होती, मावशी. मी आत्ता मॅनेजरना लेखी देतो. तुम्हाला परत घ्यायला लावतो."

चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"खरंच बंद पडत होता?" मावशींनी विचारलं.

"हो. आत्ता या डोळ्यांनी बघितलं."

"आमचे हे म्हणाले, लागली असेल डुलकी, माणूसच आहेस तू. लेक म्हणाली, आई, वयाने होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. कुणी एका शब्दाने बोललं नाही हो मला."

"मावशी..."

"पहिला महिनाभर मी भांडले सगळ्यांशी. मग थकले." त्यांचा आवाज खाली आला. "आता तर मला आठवतेसुद्धा ती डुलकी. मान कुठल्या बाजूला कलली होती, तेसुद्धा."