डावा कान

प्रमाणित चेहऱ्याशिवाय पोलीस भरती बंद झाल्यापासून कोल्हापूरच्या मापनकेंद्रात रांगा लागत. पैलवान तेजश्री मगदूम खुर्चीत बसली. कॅमेरे तिच्याभोवती फिरले आणि पडद्यावर तिचं त्रिमितीय डोकं उभं राहिलं. कपाळ, नाक, हनुवटी सगळं हिरवं होतं. फक्त डावा कान लालभडक, प्रमाणाबाहेर.

"अगं, कुस्तीत मोडलेला हा कान आम्ही सरळ करून दिला होता ना?" डॉक्टर दाभोळे चक्रावले. "उपचार फसला की काय?"

"उपचार ब्येस झाला हुता. पण आरशात पैलवानच दिसंना. म्हणून परत आखाड्यात उतरलो."

"भरतीतून नाव जाईल तुझं!"

"जाऊ दे." ती उठली आणि उजव्या कानावरचे केस मागे सारत म्हणाली, "पुढच्या मापाला ह्यो बी लाल दिसंल."