थेंबही आत येता कामा नये

निवृत्त मास्तरांनी हौसेनं छत उघडणारी जुनी गाडी घेतली, तेव्हाच मेकॅनिकनं दम भरला होता, "छताच्या कडेच्या रबराला तेलकट काही लावलंत तर ते फुगेल आणि गाडी गळेल. फक्त सिलिकॉन ग्रीस!" मास्तरांनी तीन आठवडे अभ्यास केला, रबराचे तुकडे सात बरण्यांत भिजवून पाहिले आणि सगळ्यात महागडं ग्रीस मागवलं. मेहुण्याची नजर पडली असती तर ते पुन्हा दिसलं नसतं. म्हणून बायकोच्या भेगाळलेल्या टाचांच्या क्रीमची रिकामी डबी धुऊन त्यांनी ते तिच्यात लपवलं आणि डबी गॅरेजच्या फळीवर ठेवली.

दर रविवारी ते बोटाच्या टोकानं रबराला ग्रीस चोळत. सहा महिने झाले तरी डबी संपेना. महागाची वस्तू पुरवठ्याला येते म्हणतात ते खोटं नाही, असं त्यांना वाटलं.

मग बायकोला गाडीत बसवून त्यांनी छतावर पाइपनं पाणी सोडलं.

"अहो, बंद करा! चाळणीसारखं गळतंय!"

"शक्यच नाही! फळीवरच्या डबीतलं ग्रीस लावलंय."

"कसलं ग्रीस? ती तर माझ्या क्रीमची डबी! संपली की मीच नवी आणून ठेवते. पण पहिल्या डबीची सर नाही हो कशाला!"



तिनं पाय वर घेतले, आणि छतातून गळणारा प्रत्येक थेंब तिच्या टाचांवरून अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळून गेला.